घट्ट गाठ

परळला बसच्या रांगेत उभी राहून अनुजा फोनमध्ये दिवसभराच्या कामांची यादी करत होती. पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"अगो, पदराला चार गाठी कसल्या?"

"कामांच्या. विसरायला नको. पहिली दादरच्या टेलरची, मग बँक, मग गॅस."

"आणि ही घट्ट?"

"तुमचा रिपोर्ट आणायचाय."

"तो तर कालच तयार होता."

"आणू सावकाश. आधी ब्लाउज."

"टेलर रात्रीपर्यंत असतो गो."

"असू दे."

"पदर दे इकडे."

"माझ्याने नाही सुटत ती."

"म्हणून तर मागतोय. पिशवीपण दे, मी धरतो."

दादरची बस आली, तेव्हा दोघं रांग सोडून हॉस्पिटलच्या दिशेने निघाली होती. पदराचं टोक अजून आजोबांच्याच हातात होतं.