फाट्यावरनं दिसणारी पिवळी गाडी

...आन् वर मलाच इचारतोय, "नाथाजी, गाडी धुतलीस का हळद लावलीस?" मास्तर माणूस, बरं का. हायस्कुलात गणित शिकवतोय. सकाळी पावणेसात वाजता, डेअरीच्या दारात, दुधाचा कॅन अजून माझ्या हातात, धुतलेलं तोंड वाळलेलं न्हाई, आन् हे. तुमाला सांगतो, एक दिस न्हाई, दोन दिस न्हाई, दसऱ्यापासनं रोज हेच चाललं हुतं. आवं, गाडी इंजनावर पळती, रंगावर पळत न्हाई, हे शिकवणाऱ्याला मी शिकवायचं व्हय?

आता डेअरीवर फॅट लावायचं मशीन एक आन् दूध घालणारी माणसं चाळीस. नंबर येईस्तवर करायचं काय? राजकारण बोलावं तर भांडणं हुतात. शेतीचं बोलावं तर तोंड कडू हुतं. मग राहिलं काय, तर गाड्या, म्हंजे मोटरसायकली. त्यातबी ॲवरेज न्हाई, टायर न्हाई... रंग! कुणाच्या गाडीचा रंग भारी. म्हाताऱ्यांपास्नं सगळी त्यात.

सुमंत मास्तरची गाडी तवा काळी. मास्तर म्हणतो, "काळा रंग म्हंजे कसा, लग्नाला चालतो, बँकेत चालतो, मयताला चालतो. तुझी पिवळी घिऊन मयताला गेलास तर मेलेला उठून बसंल." धुळाची गाडी लाल. धुळाकडं साठ मेंढरं हायती, मेंढरामागं फिरून फिरून त्याचा आवाज असा झालाय की कानात बोलला तरी वडूजला ऐकू जातंय. तो म्हणतो, "लाल म्हंजे तालमीची माती, गड्या. लाल गाडीवर माणूस बसला की आपसूक छाती फुगती." मी म्हणलं, धुळा, तुझी छाती न्हाई, प्वाट फुगलंय. त्यावर तो माझ्या गाडीभवती एक चक्कर मारून कपाळाला हात लावून म्हणतो, "ह्या गाडीला नाव ठेवू नका रं. भंडारा हाय हा. पालीच्या खंडोबानं उधळला, तो नेमका नाथाजीवर पडला." चाळीस माणसं हसली. मशीनवरची पोरगीबी हसली आन् माझं फॅट चुकीचं लावलं.

आवं, पर मी कुठं घेतली पिवळी? तेच तर सांगतोय. माझी जुनी गाडी काळीच हुती. चौदा वर्सं चालवली, तिचा सांगाडा तेवढा उरला, मग नवी घ्यायची ठरली. त्याच टायमाला सांगलीला थोरल्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मी तिकडं. तिथनं मायाला फोन केला. माया म्हंजे आमची मालकीण, पलीकडच्या वाडीत अंगणवाडीला हाय. म्हणलं, तू आन् आपली पोरगी साक्षी साताऱ्याला जावा, काळी गाडी बुक करून या. ती म्हणली, "बरं." आता लग्नाला चोवीस वर्सं झाली, पर हिच्या 'बरं'चा अर्थ मला अजून लागलेला न्हाई.

दसऱ्याला गाडी दारात आली. टेम्पोवरनं उतरवली, वरचं कापड काढलं, आन् मला वाटलं उजेडच लावला कुणीतरी. पिवळी. साधी पिवळी न्हाई, पिकलेल्या लिंबाची पिवळी. साक्षी टाळ्या वाजवतीय, शेजारची अंबूबाई काकू ताट घिऊन उभी, चाकाखाली लिंबं ठेवलेली. काकूनं गाडीला हळदीचं बोट लावलं. दिसंना! दुसरं लावलं. दिसंना! काकूनं माझ्याकडं बघितलं आन् म्हणली, "नाथाजी, हळद लावलीया का न्हाई ते मला कळंना झालंय, तूच काय ते देवाला सांग." मी मायाकडं बघितलं. माया गाडीकडं बघतीय, आन् मला एकच शब्द म्हणली, "दिसती." बास. कारण न्हाई, काय न्हाई.

मी तवाच म्हणायला पायजे हुतं की बाई, गाडी इंजनावर पळती, रंगावर न्हाई, तर मग हा असला रंग कशापायी? पर न्हाई म्हणलो. चारचौघांत बायकूशी कोण बोलणार?

मला सांगा, सतरा वर्सं फौजेत काढलेला माणूस मी. तिथं रंगाचा तंटाच न्हाई. गाडी हिरवी, तंबू हिरवा, डबा हिरवा, आपुनबी हिरवं. कशाला? तर दिसू नये म्हणून. सतरा वर्सं मला एकच गोष्ट शिकवली, नाथाजी, दिसायचं न्हाई. मनात हुतं तोच हिरवा गाडीला घ्यावा, तर कायदा म्हणतो सिव्हिल माणसाच्या गाडीला तो रंग चालत न्हाई. म्हंजे अंगावर सतरा वर्सं चालला आन् टाकीवर चालंना. ऱ्हाऊ द्या.

आन् ह्या पिवळ्या रंगाची खरी करामत तुमाला ठाऊक न्हाई. तुमी शेतकरी असला तर वळखाल. वांग्याच्या वावरात मावा धरायला पिवळे चिकट सापळे लावत्यात का न्हाई? का पिवळे? कारण किड्याला पिवळा रंग दिसला की त्याला ऱ्हावत न्हाई. पाच वाजता वावरातनं निघावं तर घरी येईस्तवर टाकीवर किडं, आरशावर किडं, माझ्या मिश्यांत किडं. धुळा डेअरीवर म्हणतो, "नाथाजी, रातच्याला गाडी माझ्या वांग्यात उभी करत जा. सापळ्याचा खर्च वाचंल." आन् वाईट ह्याचं वाटतं की त्याचं बरोबर हाय.

बरं, हेबी सोसलं असतं. पर दुसरी एक भानगड झाली. मला शुगर निघालीया. दोन वर्सं झाली. डॉक्टरनं गोळी दिली, पथ्य दिलं, गोड बंद. आता साताऱ्याच्या माणसाला कंदी पेढा बंद करायचा म्हंजे काय, हे डॉक्टरला काय ठाऊक, ते लातूरचं. काळी गाडी हुती तवा बरं हुतं. पेढ्याच्या दुकानापुढं धा काळ्या गाड्या उभ्या, त्यातली माझी कंची, कुणाला कळतंय? पर पिवळी आली आन् माझं स्वातंत्र्य गेलं. दुकानापुढं दोन मिनिटं थांबलो की घरी पोचायच्या आदी फोन. "वैनी, भाऊजी पेढ्याच्या दुकानात हायती." कोण करतं फोन? सगळीच करत्यात. मी बायकूला म्हणलं, हवा भरायला थांबलो हुतो. म्हणली, "पेढ्याच्या दुकानात?"

मग एक दिवस डोक्यातच गेलं. ठरवलं, साताऱ्याला जायचं, पेंटरकडं, गाडी काळी करून आणायची. मायाला सांगायचं न्हाई. सकाळी गोळी खाल्ली, आन् भाकरीला बसलो तर ती इचारणार, कुठं निघालाय, म्हणून तसाच उपाशी सुटलो. गोळी पोटात, भाकरी टोपल्यात. हुशार माणूस मी!

पेंटरनं गाडी बघितली, आर.सी. बघितली, म्हणला, "काका, कागदावर रंग पिवळा हाय. आदी आरटीओची परवानगी आणा, मग काळी करा का निळी करा." मी म्हणलं, बाबा, गाडी इंजनावर पळती, रंगावर न्हाई, सरकारला काय पडलंय? तो म्हणला, "ते सरकारला इचारा." झालं. रिकामा हात, रिकामं पोट. येताना राग आला, रागात पावशेर पेढं घेतलं, डिक्कीत टाकलं. घरी गेल्यावर गोठ्यात बसून खायचं, असा बेत.

कोरेगाव सोडलं. पुसेगाव सोडलं. आन् म्होरल्या वळणावर हात थरथराय लागलं. घाम. डोळ्याफुडं रस्ता दोन झाला. गाडी कडंला कशी घेतली, मला ठाऊक न्हाई. बाभळीखाली बसलो ते बसलोच. उठाय येईना, बोलाय येईना. मोबाईल खिशात हाय, पर खिसा कुठं हाय ते कळंना. तुमाला खरं सांगतो, त्या वक्ताला मी भ्यालो. बर्फात भ्यालो न्हाई, गोळीबारात भ्यालो न्हाई, बाभळीखाली भ्यालो. मनात आलं, मायाला न सांगता आलोय, आन् आता इथंच, असाच...

पर थांबा. गाडी उभी हुती न्हवं रस्त्याला.

पयली मोटरसायकल थांबली, ती दोन पोरं, गाडीबरुबर फोटो काढाय थांबली. फोटोत मागं मी दिसलो. एकजण पाणी द्याय लागला, दुसऱ्यानं नंबरावरनं न्हाई, रंगावरनं इचारपूस केली. पुसेगावच्या एका हाटेलवाल्याला फोन लावला, तो म्हणला, "पिवळी? ती फौजी नाथाजीची." तवर येष्टी गेली, तिच्यातल्या तिघांनी मायाला फोन केला की गाडी वळणावर उभी हाय आन् भाऊजी दिसत न्हाईत. आन् मागनं धुळा आला. बाजारातनं परत येत हुता. नंतर त्यानं कबूल केलं, "म्या लांबनं पिवळं बघितलं, म्हणलं चला, नाथाजीला एक टोमणा हाणून जाऊ."

हाणायला आला आन् माझं तोंड बघून गप झाला. धुळा गप, हे गावानं पयल्यांदा ऐकलं. त्याच्या आईलाबी शुगर, त्यामुळं त्याला घामावरनं कळलं. म्हणला, "साखर उतरलीया. गोड पायजे." मी बोटानं डिक्की दावली. त्यानं उघडली. पुडा बघितला. माझ्याकडं बघितलं. आन् पेढा मोडून माझ्या तोंडात घातला. जरा वेळानं दुसरा. तिसरा त्यानं सोता खाल्ला, म्हणला, "माझीबी उतरली."

जरा डोळं उघडलं, तर म्होरं मास्तरची काळी गाडी. मागं माया. साडीचा पदर उडालेला, पायात अंगणवाडीतलीच चप्पल. तिनं आदी माझ्याकडं बघितलं, मग धुळाच्या हातातल्या पुड्याकडं. मी म्हणलं, आता काय खरं न्हाई आपलं. पर ती रडाय लागली. रस्त्यावर, सगळ्यांम्होरं.

म्हणली, "काळी करायला गेला हुता न्हवं? पेंटरकडं? मला ठाव हाय, सकाळीच फोन आला हुता."

मी मान हलवली.

"तुमाला इचारायचं हुतं ना, पिवळी का? मग ऐका. रोज संध्याकाळी अंगणवाडीवरनं येताना मी फाट्यावर तुमची वाट बघत उभी ऱ्हाती. दहा काळ्या गाड्या येत्यात, सगळी हेल्मेट घातलेली. तुमची काळी हुती तवा मी हात करायची, ती थांबायची, तुमी नसायचा. मागल्या पावसाळ्यात तर मी ह्या मास्तरांच्या गाडीवर जाऊन बसली. तुमी म्हणून. अर्ध्या वाटंपतोर तुमालाच बोलत हुती, तुमच्या घोरण्याचं, तुमच्या चोरून पेढं खायाचं."

मी मास्तरकडं बघितलं. मास्तर रस्त्याकडं बघाय लागला. हळूच म्हणला, "वैनी थांबतच न्हवत्या बोलायच्या. मधी बोलायला जागा मिळाली न्हाई."

माया म्हणली, "सतरा वर्सं तुमी फौजेत. कवा येणार, कुठं हाय, काय दिसलं न्हाई. आता घरी आलाय, तर दुरनं दिसावं असं वाटलं मला. एवढंच वाटलं."

फौजेनं सतरा वर्सं मला लपायला शिकवलं, आन् इथं एक बाई फाट्यावर उभी ऱ्हाऊन मला हुडकतीय. मी तिचा हात धरला. रस्त्यावर, धुळाच्या म्होरं! माया, तुझं उपकार. त्या फोटोवाल्या पोरांचं उपकार. येष्टीतल्या चुगलखोरांचं उपकार. मला हसायला थांबलेल्या एकूण एक माणसाचं उपकार. काळी असती तर म्हणली असती, आसंल कुणाची तरी, आन् गेली असती सगळी म्होरं.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर गेलो. चाळीस माणसं उठून उभी. मास्तर म्हणला, "नाथाजी, वाद मिटला. पिवळाच भारी." मला काय वाटलं सांगू, छाती फुगली. म्हणलं, जगात न्याय हाय.

पर ही गोष्ट बायकांच्यात गेली. नाथाजी भाऊजी कसं सापडलं, येष्टीतनं कसं फोन आलं, पेढं कसं घावलं. आन् गावातल्या समद्या बायकांच्या एकदम ध्यानात आलं की पिवळ्या गाडीचा नवरा हरवत न्हाई आन् लपतबी न्हाई. पाडव्याला धुळानं नवी घेतली. पिवळी. त्याच्या बायकूनं, राहीबाईनं, उंबऱ्यात बसून सांगितलं म्हणं, दुसरी आणली तर मेंढरातच झोपायचं. मास्तरनं परवानगी काढून काळी रंगवली. पिवळी. आज डेअरीपुढं माझी सोडून अकरा पिवळ्या उभ्या असत्यात, त्यांच्यावर किडं, आन् अकरा माणसं माझ्याकडं अशी बघत्यात की मी त्यांच्या विहिरीत काय टाकलंय.

आन् परवा संध्याकाळी काय झालं? फाट्यावर गेलो. माया न्हाई. वाट बघतोय, बघतोय. मागनं धुळाची गाडी वळून परत आली, मागं माया बसलेली, तोंड चालू. दोन किलोमीटर झालं म्हणं, तो मीच समजून मलाच बोलत हुती.

घरी आल्यावर आरटीओचा अर्ज तिनं सोताच भरला. सही करायला माझ्याम्होरं ठेवला. नव्या रंगाच्या रकान्यात लिवलंय, गुलाबी. मी चष्मा लावला, पुन्यांदा वाचलं, पेन उघडलं, आन् फकस्त एवढंच इचारलं... गडद का फिका?