पंचमीले साप मारत नाई

कुंता: नाई जी जवाई, बरोबरच इचारलं तुमी. आंगनात पाय टाकल्याबरोबर "मोबाइल कुठी हाय?" बायको कुठी हाय, जेवली का उपाशी हाय, ते मंग पाहता येते. ते काय बॅटरीवर थोडीच चालते.

देवानंद: तसं नाई मामी. तोंडातून पयले तेच निंगून गेलं. ड्युटीवरच्या सगळ्याईचे नंबर हाय ना त्यात.

कुंता: मंग फोन तरी कराचा होता एखादा.

देवानंद: रोज लावला. ड्युटीवरच्या झिंगूच्या मोबाइलवरून. लागेच नाई. तुमच्या गावात रेंजच नाई.

कुंता: हाय ना. तलावाच्या पारीवर जाऊन उभं राह्यलं का येते. पन तुमी लावत होते ते पोरीशी बोलाले, का मोबाइल कुठी वाजते ते पाहाले?

देवानंद: मामी, तुमी तं एकदम...

शालिकराम: कोन वं? माजरीच्या खदानीहून जवाई आले का? या जी, बसा खाटेवर. रामराम घ्याले हात मोकळा नाई, राग नका मानू.

देवानंद: मामाजी, तो तुमच्या हातातला... तो माह्याच मोबाइल हाय ना?

शालिकराम: तुमचाच. जरा हळू बोला.

देवानंद: अन् त्याले लाल काय लागलं?

कुंता: कुंकू हाय. मांगून पाहा, हळदही हाय. आज पंचमी ना. सकाळी वारुळाले लाह्या वाहून आली मी, तं हे म्हनते यातही साप हाय, यालेही वाहा.

देवानंद: अरे बाप रे. बटनात लाह्या गेल्या मामी.

शालिकराम: एकच गेली, पाचावर बसली हाय. सापाले पाच नंबर लागत नाई, मी पाह्यलं. दूधही टाकत होती ही, मीच नाई म्हनलं. एवढं तं समजते मले.

देवानंद: पन मामाजी, तुमी गेम खेळून राह्यले? तुमी?

कुंता: कायले नाई खेळन. पोरगी रागारागात आली, तुमचा मोबाइल पदरात बांधून. म्हने, "आई, माह्यी सवत घेऊन आली. आता पाहू नवरा कोनाले घ्याले येते."

शालिकराम: मी म्हनलं, माह्या पोरीपेक्षा यात असं काय हाय, ते बापानं पाहू नये का? म्हनून घेतला हातात.

कुंता: तवाचा खाली ठेवला नाई. सोयऱ्याच्या घरी कज्जा मिटवाले गेलेला मानूस तिथीच पंगतीले बसावा, तसं झालं.

शालिकराम: खेळ काय वाईट नाई जी. पन जेनं बनवला त्यानं साप पाह्यला नाई, हे मी लिहून देतो. साप दाने खाते का? कोंबडी हाय का तो? उंदीर ठेवाचा होता, नाई तं बेंडूक तरी. अन् दाना खाल्ला का लांब होते, दाना खाल्ला का लांब होते. कात नाई टाकत, सुस्त नाई होत. पोट भरल्यावर साप पडून राह्यते. याच्या पोटाले बूडच नाई.

देवानंद: गेम हाय ना मामाजी.

शालिकराम: या भिंतीत घुसते अन् त्या भिंतीतून निंगते, ते पटलं मले. आपल्या घरीही तसंच येते. पन मरते कशानं? कोनी काठी मारत नाई, मुंगूस येत नाई. सोताचीच शेपूट चावते अन् मरते. हे मातर कोनं तरी लई इचार करून टाकलं.

कुंता: इचार हेच करत बसते दिवसभर. परवा खरीच धामन निंगाली धानाच्या कोठीमांगून. मी ओरडली, "अहो, साप!" हे म्हनते, "माहीत हाय, वळनावर हाय." मीच हाकलली सुपानं.

शालिकराम: धामन काय करते? उंदीर खाते बिचारी.

कुंता: धानाच्या बांधीची पार फुटली, सारं पानी रामाजीच्या बांधीत गेलं. रामाजी बोंबलते, अन् हे पारीवर बसून मुंडकं खाली. मंग मी परीक्षाच घेतली जवाई. म्हनलं, "घर पेटलं." म्हने, "हूं." म्हनलं, "मी मार्कंड्याच्या देवळात जाऊन जोगीन होतो." म्हने, "हूं, येताना मीठ आनजो."

शालिकराम: मीठ सरलंच होतं.

कुंता: पाहा. तवा मले समजलं, पोरगी रडत काऊन आली ते.

देवानंद: मामी, मले मान्य हाय. माह्यी गलती हाय, बिलकुल हाय. आता सीधी बात. उद्या सकाळची सिफ्ट हाय माह्यी. सांजच्या एसटीनं दोघं निंगतो. मामाजी, आना तो इकडे.

शालिकराम: नाई.

देवानंद: काऊन?

शालिकराम: अंदर साप जित्ता हाय.

देवानंद: मंग बंद करा ना. लाल बटन दाबा, खतम.

शालिकराम: खतम म्हंजे मेला ना? आज पंचमी हाय जी. आज नांगर नाई, विळा नाई, तवा नाई, अन् तुमी म्हनता साप मारा? सकाळी खेळता खेळता वारुळाची आरती कानावर आली, तवा मले याद आली का आज कोनता दिवस हाय. तसाच थांबवला त्याले. पोरीनं, भाग्यश्रीनं शिकवलं होतं, या बटनानं झोपते अन् कन्टिन्यू म्हनलं का उठते. तवाचा झोपला हाय. अंगठा नाई हालवला मी.

कुंता: जेवन मीच भरवलं.

देवानंद: मामाजी, हा नाग थोडीच हाय? याले फना कुठी हाय?

शालिकराम: धामन का असेना. पंचमीले कोनी जात पाहत नाई. धानाचा सारा रोवना गुडघाभर पान्यात केला जी आमी. आमचा पाय अन् त्याईचं तोंड जवळजवळच असते. कोनाले काई केलं नाई त्याईनं. मंग एक दिवस आपन नाई सांभाळाव त्याले?

देवानंद: बरं, सांभाळा. पन बॅटरी किती हाय?

शालिकराम: ते उजवीकडचं ना? चार दांड्या होत्या. आता एक हाय. तेही लुकलुक करते.

देवानंद: मंग तं तसाही मरते. बॅटरी गेली का सगळंच गेलं. थांबा, चार्जर आनला मी.

कुंता: पाह्यलं? बायकोले एक गजरा नाई आनला, चार्जर आनला.

देवानंद: लावू कुठी? बोर्ड कुठी हाय?

कुंता: बोर्ड हाय, लाइन नाई. लोडशेडिंग हाय जी. लाइन येते दिवेलागनीले. एसटी जाते त्याच्या पयले.

शालिकराम: तेच तं. माह्या हातून आज जीव जाते का काय, या धाकानं घाम फुटून राह्यला मले. तुमी या खेळातले जानकार. काई उपाय हाय का?

देवानंद: दाखवा जरा, किती मोठा झाला. अरे! अरे बाप! मामाजी, हे तुमी केलं? पडदा सारा भरत आला. माह्या रिकार्ड याच्या निम्माही नाई. दोन वर्ष झाले खेळून राह्यलो मी!

शालिकराम: बांधीत नांगर धरतो तसा नेला. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, तास सोडाचं नाई. मधातून आडवातिडवा गेला का फसते.

देवानंद: मामाजी, आयका. पडदा पूरा भरला ना, का साप मरत नाई. जिंकते. झिंगू सांगते. पाह्यलं कोनीच नाई, पन म्हनते का मंग गेमच आपोआप थांबते, साप सुखरूप.

शालिकराम: सुखरूप? म्हंजे जित्ता सुटते?

देवानंद: एकदम जित्ता. दोन-चार दाने राह्यले फक्त.

शालिकराम: मंग घ्या जी हातात. घ्या, तुमच्या हातून पुन्य होऊ द्या.

कुंता: थांबा जवाई. अंदरून निरोप आला. भाग्यश्री म्हनते, त्या मोबाइलले हात लावला तं सांजच्या एसटीत एकटेच बसा.

देवानंद: नाई लावला! मामी, सांगा तिले, नाई लावला.

कुंता: आयकून राह्यली ते, भिंतीमांगंच उभी हाय. पिशवी भरून ठेवली हाय तिनं सकाळपासून. आता ते एकच इचारते. ज्या सांजी तिनं तुमाले तीनदा हाक मारली अन् तुमी तीनदा "हूं" म्हनलं, तवा तिनं काय सांगितलं होतं?

देवानंद: त्या सांजी... गॅस सरला होता?

कुंता: नाई म्हनते.

देवानंद: नळ आला होता. पानी भरा म्हनत होती.

कुंता: नळाचं तुमाले कवाच सांगत नाई म्हनते, सोताच भरते.

देवानंद: माह्या आईचा दात दुखत होता?

कुंता: आता ते हासली का रडली, मले समजलं नाई. पन नाई म्हनते.

शालिकराम: जवाई, दांडी लुकलुक करून राह्यली. पुन्याचं काम पयले. हात नका लावू, तोंडानं सांगा. बोलाले तं मनाई नाई ना?

देवानंद: मामी, तोंडानं चालते का?

कुंता: तोंडाचं काई बोलली नाई ते. पन तुमी हात मांडीखाली काऊन दाबले जी?

देवानंद: आपोआप उठते मामी. बरं, मामाजी, आयका. पयले रस्ता पाहा. तोंड कुठी हाय, शेपूट कुठी हाय?

शालिकराम: तोंड वरते कोपऱ्यात. शेपूट तिथंच, नाकासमोर. मधात एवढुशी फट.

देवानंद: ठीक. कन्टिन्यू दाबल्याबरोबर आठ, म्हंजे खाली. मंग लगेच चार. घाबरू नका. दाबा.

शालिकराम: दाबलं. आठ... चार... गेला! खाल्ला एक!

देवानंद: शाब्बास. आता दोन. दोन म्हंजे वर. शेपूट पुढं सरकते, तिच्या मांगं मांगं जाऊ द्या. घाई नाई.

कुंता: जवाई, भाग्यश्री इचारते, आठवलं का?

देवानंद: एक मिनिट मामी. मामाजी, सहा! सहा!

शालिकराम: सहा दाबलं. दुसराही खाल्ला. बापा, वाचला!

कुंता: एक मिनिट म्हनते वं पोरी.

देवानंद: आता फक्त दोन दाने राह्यले. मामाजी, हे कोनीच पाह्यलं नाई. साऱ्या माजरीत कोनी पाह्यलं नाई. आठ दाबा.

कुंता: जवाई.

देवानंद: हूं.

कुंता: तिनं पिशवी परत खुटीले अडकवली.

शालिकराम: आता कुठी वळवू? जवाई, कुठी वळवू? तोंड शेपटीजवळ आलं!

देवानंद: थांबवा.

शालिकराम: आं? दोनच दाने राह्यले!

देवानंद: झोपवा त्याले मामाजी. मामी, सांगा तिले, मले नाई आठवत. आठवन कुठून, मी आयकलंच नाई. कान तिथी नव्हतेच माह्ये. घरी तिची चपल दिसली नाई तवा समजलं मले, अन् खोटं कायले बोलू, मोबाइल नाई हे त्याच्या पयले समजलं. आता ते बोलली तं मी खाली बसून आयकतो. एसटी गेली तं जाऊ द्या. सिफ्टही जाऊ द्या.

कुंता: मी काऊन सांगू? या दाराशी उभी राहून राहून पाय दुखले माह्ये. दार उघडं हाय. जा.

(देवानंद मोबाइलकडे न बघता आत जातो. जाताना खुंटीवरची पिशवी हळूच काढून उंबऱ्याजवळ ठेवतो.)

शालिकराम: गेला? खरंच गेला? दोन दाने सोडून?

कुंता: तुमीही झोपवला का त्याले?

शालिकराम: झोपवला. पन वं, पोरीनं सांगितलं काय होतं एवढं?

कुंता: क्वार्टरच्या मांगं तिनं वेल लावला होता. साऱ्या कोळशाच्या भुकटीत. शेजारनी हासल्या, इथी काई येत नाई म्हने. त्याले पयला दोडका लागला. पाहाले या, पाहाले या म्हनून हाका मारल्या तिनं.

शालिकराम: एवढंच?

कुंता: एवढंच. तुमाले मोठं वाटाले घर पेटाव लागते, अन् ते मी करून पाह्यलं.

शालिकराम: तो दोडका कुठी हाय मंग?

कुंता: संगं घेऊन आली ते. टोपलीत ठेवला हाय तवापासून, आज चिराव तं विळा चालत नाई. उद्या चिरीन. खाऊनच जातीन आता दोघं.

शालिकराम: हूं.

कुंता: काय म्हनलं?

शालिकराम: नाई नाई, आयकलं ना. दोडका. उद्या. दोघं. मी पारही बांधून येतो सकाळी, रामाजीले सांगजो. पन कुंते, हे पाय. टुंई केलं अन् सारं काळं झालं. दांडी गेली. काईच दिसत नाई. मेला का वं माह्या हातून?

कुंता: श्श. आयका जरा. अंदर बोलून राह्यले.

शालिकराम: मी सापाचं इचारून राह्यलो.

कुंता: तो कायचा मरते जी. अंधार दिसला, बिळात गेला.