चौथ्या धड्यातली ओळ

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर लॅपटॉप होता. सासूबाईंच्या डोळ्यांत नुकतेच थेंब घातले होते, म्हणून त्या डोळे मिटूनच बोलत होत्या.

“रागावणार नसशील तर एक सांगू?”

“सांगा ना, आई.”

“प्रोग्रॅमिंगचं ते ई-पुस्तक तू तयार केलंस ना, ते मी महिनाभर मोबाइलवर वाचतेय. करूनही बघतेय.”

“तुम्ही? आणि मला पत्ताच नाही!”

“जमलं की सांगणार होते. पण चौथ्या धड्यात गाडं अडलं. पुस्तकात आहे तस्सं उतरवते, तरी आपलं चूक, चूक. म्हटलं, आता नाही हे आपल्या डोक्यात शिरायचं. दिलं सोडून.”

“अक्षर मोठं करून वाचता?”

“चांगलं दुप्पट. नाहीतर दिसतंय कुठे?”

“थांबा, मी करून बघते... अरे देवा! आई, ही एकच ओळ आहे. अक्षर मोठं केलं की ती मावत नाही, मग तिचे दोन तुकडे दिसतात.”

“मी दोन ओळी लिहिल्या.”

“कोणीही तेच करील. ओळ अजून संपलेली नाही, अशी खूण मी करायला हवी होती. चूक माझी आहे.”

“म्हणजे मला जमत होतं?”

“जमत होतं, आई! आजच दुरुस्त करते. आणि पुढचं पुस्तक बाहेर पडायच्या आधी तुम्ही वाचायचं. चालेल?”

“चालेल. पण मी चुका काढीन हं.”

“काढा की.”

“मग घे लिहून. पहिल्या पानापासून सांगते.”