पट्टा गळ्याशी येतो

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे थोरले साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या आदरणीय वहिनीसाहेब, डिझाइन विभागाचे प्रमुख, तपासणी विभागातली सगळी मंडळी, समोर बसलेले माझे सहकारी बंधू आणि भगिनी, आणि दुसऱ्या रांगेच्या टोकाला बसून मला मघापासून ‘आई, थोडक्यात’ अशा खुणा करणारी माझी मुलगी, तुम्हा सर्वांना नमस्कार.

मागच्यांना मी दिसतेय का? हं. आता दिसतेय, कारण मी पेटीवर उभी आहे. या माईकच्या दांड्याचा स्क्रू अडकलाय, तो खाली येत नाही. तो कोण्या उंच माणसाने लावला असणार. ‘बाई, जरा टाचा उंच करून बोला,’ असं मला आधी सुचवण्यात आलं. माझ्या निरोपाच्या दिवशीसुद्धा! मग मी म्हटलं, पेटी आणा.

आणि ही खुर्ची. तुम्ही सर्वांनी मिळून मला इतकी देखणी, मऊ, मागे रेलणारी खुर्ची भेट दिलीत, त्याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. मघाशी मला तिच्यात बसवून टाळ्या वाजवल्या तेव्हा माझे पाय जमिनीला टेकत नव्हते, हे फक्त पहिल्या रांगेला दिसलं असेल. मी तक्रार करत नाहीये. करतेय का? काय करणार, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

नव्याने लागलेल्या मंडळींना माझं काम काय ते ठाऊक नसेल. मी या कारखान्यात बसायचं काम करते. लोक म्हणतात, अमका बसून खातो. मी तर उघडउघड बसून खाल्लं, आणि कंपनीने मला त्याचा पगार दिला. नवी गाडी बनवायच्या आधी तिचा आतला भाग आपण लाकडाचा आणि फोमचा करतो. चाकं नाहीत, इंजीन नाही, नुसती बैठक, स्टिअरिंग, पायाखालची पेडलं आणि दारं. त्याला आपण डबा म्हणतो. त्या डब्यात बसायचं, हात फिरवायचे, मान वळवायची आणि शेवटी ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढंच सांगायचं. तीसेक वर्षं मी गाडीत बसले आणि एक बोटभरही पुढे गेले नाही. घरी हे विचारायचे, ‘आज कुठवर गेलीस?’ मी म्हणायचे, जिथे बसले तिथेच.

आम्ही तिघं होतो. एक शिडी. ते आज सर्वांत मागे आडवे बसलेत, कारण या हॉलच्या रांगांत त्यांचे गुडघे मावत नाहीत. एक मी. पहिल्याच दिवशी आमच्या तेव्हाच्या फोरमननी मला दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलं आणि म्हणाले, ‘ही काही पूर्ण नाही, पाऊणच आहे.’ तेव्हापासून मी पाऊणबाई. आणि तिसरे आमचे सरासरी, पहिल्या रांगेत बसलेत. सरासरींना कुठल्याही गाडीत कधीच काही टोचलं नाही. ते बसायचे आणि दोन मिनिटांत घोरायला लागायचे, आणि त्यांचं घोरणं म्हणजेच पसंती असं वरचे धरून चालायचे. शिडी एकदा मला म्हणाले होते, ‘बाई, मला आणि तुम्हाला मिळून दोनाने भागलं की जो माणूस येतो, त्याच्यासाठी गाड्या बनतात. आपलं काम नुसतं भागायला देण्याचं.’ हसताय तुम्ही, पण खरंच आहे ते.

आता बसून बसून कुणी दमतं का? दमतं हो. बसून नाही, सांगून सांगून दमतं. मी म्हटलं, डोकं टेकायची उशी पुढे आलीय, अंबाडा घातला की हनुवटी छातीला लागते. उत्तर आलं, अंबाडा सोडून बसा. मी म्हटलं, समोरच्या काचेलगतचा खांब इतका जाड झालाय की वळताना रस्ता ओलांडणारा माणूस अख्खा त्याच्यामागे जातो. उत्तर आलं, थोडं वाकून बघायचं, सांभाळून घ्यायचं. मग पडदा आला. आधी हवेला एक गोल बटण होतं, न बघता हाताला सापडायचं. ते गेलं आणि सगळं त्या काचेच्या पडद्यात शिरलं. पडद्यावाल्या साहेबांनी मला डब्यात बसवलं आणि म्हणाले, समजा काचेवर वाफ धरलीय, ती घालवा. मी एक पान उघडलं, दुसरं उघडलं, तिसऱ्यावर सापडलं. मी म्हटलं, साहेब, एवढ्या वेळात मी समोरच्या दुकानात शिरले असते. ते म्हणाले, ‘पण बाई, डबा तर उभा आहे.’ मी म्हटलं, म्हणून तर वाचलो. त्यांचंही म्हणणं तेच, सवय होईल, तोवर सांभाळून घ्या.

सांभाळून घ्या. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ऐकू येतं. गाडीने माणसाला सांभाळायचं की माणसाने गाडीला, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.

पण आज समारंभ आहे, रडगाणं नको. इथल्या माणसांनी मला जीव लावला. माझा गुडघा धरायला लागला तेव्हा सुतारकामाच्या मंडळींनी कुणी न सांगता डब्याला पायरी ठोकून दिली. डिझाइनचे प्रमुख तर माझ्या धाकट्या भावासारखे. चहाला जाताना दार उघडून धरतात. म्हणूनच आता जे बोलणार आहे ते त्यांच्यावर राग धरून नाही, एवढं त्यांनी समजून घ्यावं.

आपली नवी गाडी तुम्हा सर्वांना माहीत आहे. पूर्वीच्या आपल्या गाडीत खांद्याशेजारच्या खांबावर एक खिट्टी असायची. ती दाबून खाली सरकवली की सीटबेल्टचा पट्टाही खाली यायचा आणि माझ्यासारखीच्या खांद्यावरून जायचा. नव्या गाडीत ती खिट्टी नाही. पट्टा एका जागी पक्का, आणि तोही उंचावर. मी डब्यात बसले तर पट्टा खांद्यावर नाही, मानेवर. इथे. गळ्याशी आलं, गळ्याशी आलं म्हणतात ते हेच असावं.

मी प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बाई, मला कळतंय. मीच आधी खिट्टी रेखाटली होती कागदावर. पण वरून आलं की खांब साफ दिसला पाहिजे. आणि बघा तर, किती छान दिसतो.’ दिसतो, खोटं कशाला बोलू? सुंदर दिसतो. मग मी तपासणी विभागात गेले. ते म्हणाले, आमच्या चाचणीत गाडी पास आहे. त्यांनी मला दाखवलं सगळं. लहान चणीचा बाहुला बसवतात, पट्टा लावतात, गाडी भिंतीवर आदळवतात, बाहुला वाचतो. त्यांच्याच एका बाईंनी मला हळूच समजावलं की मान घासते म्हणून पट्टा काखेखालून घेतला तर खांद्याने झेलायचा धक्का बरगड्या झेलतात, आणि बरगड्या काही तेवढ्या दणकट नसतात. म्हणजे त्यांनाही माहीत आहे. इथे अडाणी कुणीच नाही हो. एखादा अडाणी असता तर त्याला समजावून मोकळी झाले असते.

अडचण एवढीच की बाहुल्याची मान घासत नाही. म्हणून बाहुला पट्टा काखेखाली घेत नाही. जसा लावला तसा गुमान बसतो आणि पास होतो. बाई तशी बसत नाही. दहा मिनिटं मान घासली की हात आपोआप वर जातो आणि पट्टा काखेखाली जातो.

थोरल्या साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल त्यांचे आभार. ते म्हणाले, साचे तयार झालेत पाऊणबाई, आता मागे फिरणं अवघड आहे. आपण पुस्तिकेत ठळक लिहू की पट्टा काखेखालून घेऊ नये. साहेब, तुमच्या स्वतःच्या गाडीची पुस्तिका कुठे आहे? समोरच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी न फोडलेली. माझीही तिथेच आहे.

आता जरा घरचं बोलते. माझी मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. रोज मोठ्या रस्त्याने, भरधाव ट्रकांच्या मधून जाते आणि येते. उंचीने माझ्यावर गेलीय, किंबहुना माझ्याहून बोटभर कमीच. मागच्या महिन्यात गुडघा दुखत होता म्हणून ती मला न्यायला गेटवर आली. मी बसले, ती बसली, पट्टा ओढला, खटकन लावला, आणि कोपऱ्यावर वळायच्या आत तिने तो डोक्यावरून काढून काखेखाली सरकवला. इतक्या सहज, जशी केसांची बट कानामागे सारावी.

मी म्हटलं, ‘हे काय गं?’

‘काय?’

‘पट्टा.’

‘मानेला घासतो आई. ही गाडी जुनी, तिची ती खिट्टी कधीच मोडलीय. सगळ्याच करतात असं.’

‘सगळ्या करतात म्हणून तू करायचं?’

‘अगं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. तुमची नवी गाडी बुक केलीय ना मी. तू बसून बघितलेली गाडी! मग काळजी कसली?’

तू बसून बघितलेली गाडी. मला भीती वाटली. खरं सांगते. तिला वाटलं मी रागावलेय. आजवर तिला मी हे सांगितलेलं नाही, आत्ता सांगतेय, सगळ्यांसमोर. बाळा, त्या गाडीत खिट्टी मोडलेली नाही. त्या गाडीत खिट्टी नाहीच.

त्या दिवसापासून माझी एक बैठक बाकी आहे. म्हणजे बसून झालं, उत्तर बाकी आहे. प्रमुख रोज विचारतात, ‘बाई, काय लिहू?’ आणि मी रोज म्हणते, उद्या सांगते. शिडींनी आणि सरासरींनी ‘चालेल’ म्हटलंय. माझंच अडलंय. साहेबांच्या मनात आलं असेल की म्हातारी उद्यापासून घरी, मग आपसूक मोकळे. साहेब, रागावू नका. तुमच्या जागी मी असते तर माझ्याही मनात आलं असतं.

अध्यक्षांची परवानगी आहे असं समजून मी सभागृहाला एक काम सांगते. मला भाषण येत नाही, मला फक्त बसणाऱ्यांचं विचारता येतं. गाडीत मान घासते म्हणून ज्या कुणी पट्टा काखेखालून घेतात, त्यांनी हात वर करा. लाजू नका. इथे पोलीस नाहीत.

हं. लेखा विभाग, तिघी. टपालाच्या बाई. कॅन्टीनच्या मावशी, तुम्ही गाडी चालवता? बरं, भावाशेजारी बसता. तेही धरलं. तपासणी विभागातल्या बाई, तुम्हीसुद्धा? अहो, मला बरगड्यांचं सांगितलंत तुम्हीच! सरासरी, तुमचा हात कशाला वर? काय? बायकोच्या वतीने. बसा, धरला.

आता तुम्ही सगळे माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघताय आणि हसताय. साहेब, मी पेटीवर आहे, वळले तर पडेन, त्यामुळे मी बघितलेलं नाही. पण वहिनींचा हात वर असावा असा माझा अंदाज आहे. वहिनीसाहेब, तुम्ही धाडस केलंत. घरी जाताना गाडीत काय बोलणं होईल ते तुमचं तुम्ही बघा.

एक हात मात्र अजून खाली आहे. दुसऱ्या रांगेत, टोकाला. आईची शोभा होईल म्हणून खाली ठेवलायस ना? अगं, कर वर. आईची शोभा त्यानेच होणार आहे.

हां. असा.

प्रमुख, तुमच्याकडे पेन आहे. उद्यापासून मी कुणी नाही, म्हणून आजच उत्तर देते, आणि माईकवर देते, म्हणजे ऐकू आलं नाही असं व्हायला नको. चालणार नाही. खिट्टी बसेपर्यंत ती गाडी माझ्या उंचीच्या एकाही बाईला चालणार नाही. माझ्या मुलीला तर नाहीच.

तुम्ही वेळ काढून आलात, गोड बोललात, माझे गुण वाढवून सांगितलेत, खुर्ची दिलीत, पेटी आणलीत, सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे. खुर्चीचे पाय जरा कापून घेईन, दुसरं काही नाही. आता शेवटी एक वाक्य म्हणायची रीत आहे, की माझ्या बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. ते तेवढं माझ्या तोंडून येणार नाही. माझं चुकलं असेल तर मोठ्या मनाने मला क्षमा करा, पण सांभाळून कुणी काही घेऊ नका. पुष्कळ घेतलं आजवर.

बाळा, ये इकडे. पेटी उंच आहे आणि गुडघा दुखतोय. हात दे मला उतरायला. तो वर केलायस ना, तोच दे.