दुपारचा शंख

हॅलो?… लुपे? बोल गं… नाही, कोको ढवळत होते. झाकलाय, बोल तू.

हो, आली तुझी गाणी. तुझ्या भावाने, सेफोने आपल्या मोठ्या स्पीकरवर लावली… ऐकली ना, सगळी… अगं ऐक ना, सांगते.

पहिल्या अल्बमच्या वेळी कोंबड्या खुराड्यातून बाहेर येईनात. तो धडधडाट… हसतेस काय? यात नुसती गिटार आणि तू. श्वास घेतेस तोही ऐकू येतो. चर्चमध्ये माझ्या मांडीला टेकून गायचीस ना, तसा.

बाबा?… होते घरातच… हो, माहितीये. त्यांच्या गाणाऱ्यांतली, पहिली ओळ म्हणायची जागा सोडून तू ऑकलंडला गेलीस, ते सहा वर्षं त्यांच्या घशात अडकलंय. आजही पाठ फिरवूनच बसले होते, दोरी वळत. तिसरं गाणं आलं, आणि त्यात शंख. आपला, संध्याकाळच्या प्रार्थनेचा… अगं, दुपारचे दोन वाजलेले. यांनी दोरी टाकली, चटई झटकली, डोळे मिटून बसले. पलीकडची मालियाही बसली. गावच्या राखणदारांनी प्रार्थनेची वेळ समजून रस्त्यावर बस अडवली… हो, माणसांसकट. पाव तास… नाही, कुणी रागावलं नाही. पाद्रीबाबा म्हणाले, दुपारची प्रार्थनाही देवाला पोचते.

पण तो शंख आणलास कुठून?… माझ्या फोनमधला?… मी ‘शंख झाला, ठेव’ म्हणायचे, तेव्हाचा?… सहा वर्षांचे सगळे फोन? रेकॉर्ड करून जपून ठेवलेस?…

…नाही गं, रडत नाहीये. चुलीचा धूर.

बाबा ना? शंख गाण्यातला होता हे कळल्यावर दोरी पुन्हा हातात घेतली. मग सेफोला म्हणाले, ते तिसरं पुन्हा लाव… हो, तिसरंच. चार वेळा.

थांब, लुपे… झाला शंख… अगं, खराच… नाही, आज ठेवू नकोस. अहो, लुपे आहे फोनवर. काय करू?… काय म्हणता?… ऐकलंस? म्हणतात, पहिली ओळ तिला म्हणू दे… हो, तुलाच. तुझ्यामागे ती जागा कुणाला दिलीच नाही त्यांनी. फोन चटईवर ठेवते, मधोमध. म्हण…

…हं…

…हं…

हॅलो?… लुपे?… हॅलो?

गेली लाईन… नाही, उठू नका, बसा. तिची पहिली ओळ झालीय. दुसरीपासून धरा.