लायसन आणि बोट

माझ्या कॉम्प्युटरवरच्या वेबसाइटच्या चाव्या जपायच्या ‘बोट’ नावाच्या फोल्डरला तुम्ही सगळे हसता, पण ते नाव आमच्या बाबांमुळे पडलंय.

तेव्हा मी रेवदंड्याला, बाबांच्या घरून काम करत होते. कंपनीच्या वेबसाइटची सुरक्षा सर्टिफिकेटं मीच सांभाळते. दर वर्षी नवं येतं, जुनं तसंच पडून राहतं. त्या दिवशी मला आवराआवरीची हुक्की आली. एक कमांड लिहिली: मुदत संपलेलं सर्टिफिकेट आणि त्याच्या नावाची प्रत्येक फाइल उडव. एंटर दाबलं, फोल्डर लख्ख झालं आणि थोड्या वेळाने वेबसाइट बंद! उडालेल्या फायलींत चावीची फाइल होती, जिच्याशिवाय सर्टिफिकेट चालतच नाही, आणि नवं सर्टिफिकेटही त्याच जुन्या चावीवर चालत होतं.

माझा चेहरा बघून बाबांनी विचारलं, “काय झालं गो?”

“बाबा, बोटीचं लायसन दर वर्षी नवं, पण बोट तीच, असं होतं ना तुमचं?”

“व्हय.”

“मी जुन्या लायसनाबरोबर बोटच फेकून दिली.”

बाबा हसले नाहीत. आतून पत्र्याची पेटी घेऊन आले. इतक्या वर्षांची लायसनं त्यात एकावर एक नीट लावलेली. गुडघ्यांपायी गेल्याच वर्षी त्यांनी बोट विकली होती.

“माज्याकडं लायसनं समदी हायत,” ते म्हणाले, “बोट न्हाय. तुझी नवी व्हईल?”

“होईल की. तासाभरात.”

“मंग रडतेस कशाला?” म्हणाले, आणि पेटीचं झाकण लावलं.