दुसरा नट

"शर्यत भरवणाऱ्यांना जनाची नाही, मनाची तरी लाज आहे का? तळ्यात बंद पडलेल्या बोटी ओढून आणायची होडीच विकून बसले! बोटीचा पंखा गळून पडला असता तर आमच्या ह्यांची बोट आणायला कोण जाणार होतं?"

बसच्या रांगेत, रिमोटवर चालणारी बोट कडेवर घेतलेल्या काकू कडाडल्या. मागे रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या, काकूंच्या यजमानांच्या शिंपी मित्राने कान टवकारले.

"पण गळला नाही ना, वहिनी?"

"हे हट्टाने पंख्याला एकच नट लावायचे, बोट मागे घेतली की सैल! आज बघते तर त्यावर दुसरा, करकचून आवळलेला."

"असेल कुणी भला माणूस."

"देव त्याचं भलं करो. ह्यांची एवढीच तर वस्तू उरलीय."

"हो ना."

"आणि भावजी, हे तुम्हाला 'दोन नटवाले' म्हणून चिडवायचे. मग आज तुमचाच पंखा कसा गळला? तुमची बोट तळ्यात का राहिली? बोला की!"